कणवर्षाव ते ऑरोरा: आपलं पहिलं संगणकीय मॉडेल कसं उभारायचं

ऑरोराचं, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात उजळणाऱ्या प्रकाशाचं, मॉडेलिंग शिकायला बसलेले बहुतेक जण पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठा कोड उतरवून घेतात. तो कसाबसा चालतो, पडद्यावर ध्रुवाभोवती हिरवं कडं उमटतं आणि पुढचे कित्येक आठवडे त्या कड्यातला आकडा बरोबर आहे की दहापट चुकलाय, हेच कळत नाही. म्हणून हा लेख उलट्या टोकाने सुरू होतो. हवेचा एकच उभा स्तंभ घ्यायचा, वरून एकाच ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडायचे आणि त्यांची ऊर्जा कुठे कुठे गेली ते मोजायचं. आत जेवढी ऊर्जा टाकली तेवढीच बाहेर मोजता आली पाहिजे. ही एक अट प्रत्येक पायरीवर तपासत गेलात, तर या क्षेत्रातल्या निम्म्या चुका तिथल्या तिथेच सापडतात.

पायथन थोडंफार येत असेल आणि बारावीपर्यंतचं भौतिकशास्त्र आठवत असेल, तर सुरुवातीला एवढं पुरेसं आहे.

आधी कागदावर

चुंबकीय क्षेत्ररेषांना धरून विद्युतभारित कण वातावरणात उतरतात. ऑरोरा उजळवणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा साधारण १ ते २० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टला यापुढे केईव्ही म्हणू. असा इलेक्ट्रॉन हवेतल्या रेणूंवर आदळत जातो, त्यांच्यातले इलेक्ट्रॉन उडवतो आणि दर टकरीला थोडी ऊर्जा गमावतो. हवेत एक आयन-इलेक्ट्रॉन जोडी तयार व्हायला सरासरी ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्ची पडतात. आयनीभवनाला, म्हणजे रेणूतला इलेक्ट्रॉन उडवायला, प्रत्यक्षात लागणारी ऊर्जा याच्या निम्म्याहूनही कमी असते. उरलेली ऊर्जा रेणू उद्दीपित करण्यात, तोडण्यात आणि हवा तापवण्यात जाते. ही सरासरी येणाऱ्या कणाच्या ऊर्जेनुसार फारशी बदलत नाही, आणि त्यामुळेच पुढचं सगळं सोपं होतं.

आता १० केईव्हीचे इलेक्ट्रॉन घ्या. त्यांनी मिळून दर चौरस मीटरला १ मिलिवॅट ऊर्जा आणली असं समजा. साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या ऑरोराला निदान एवढी लागतेच. म्हणजे दर सेकंदाला एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६ कोटी २४ लाख इलेक्ट्रॉन पडतात. प्रत्येक जण साधारण २८५ जोड्या तयार करतो, तेव्हा स्तंभात एकूण सुमारे १८ अब्ज जोड्या होतात. त्यातल्या बहुतांश १५-२० किलोमीटर जाडीच्या थरात होत असल्याने शिखराजवळ, म्हणजे सर्वाधिक जोड्या होतात त्या उंचीजवळ, दर घन सेंटिमीटरला, दर सेकंदाला दहा हजाराच्या आसपास आकडा यायला हवा.

हे गणित हाताने करून वहीत लिहून ठेवा. कोडने यापेक्षा शंभरपट वेगळं उत्तर दिलं, तर कोड चुकलाय.

पायरी १: हवा

कण किती खोल जाईल हे त्याने वाटेत किती वस्तुमान ओलांडलं यावर ठरतं, उंचीवर नाही. त्यामुळे प्रत्येक उंचीची घनता आणि तापमान हाताशी लागतं. पृथ्वीसाठी यात फार विचार करू नका, एमसिस या वातावरण-मॉडेलांच्या घराण्यातलं एक वापरा. एनआरएलएमएसआयएसई-०० वर्षानुवर्षं वापरात आहे, त्याच्या नव्या आवृत्त्या एनआरएलएमएसआयएस २.० आणि २.१ आहेत, आणि तिन्ही पायथनमधून ‘पायएमसिस’ या मोफत पॅकेजने चालवता येतात. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीचा सौर रेडिओ अभिवाह (अभिवाह म्हणजे ठरावीक क्षेत्रफळावर दर सेकंदाला येणारी ऊर्जा किंवा कण) आणि भूचुंबकीय निर्देशांक (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती अस्वस्थ आहे त्याचा आकडा) दिला की नायट्रोजन रेणू, ऑक्सिजन रेणू, ऑक्सिजन अणू यांची घनता आणि तापमान मिळतं.

उंचीची जाळी, म्हणजे ज्या ज्या उंचीवर गणित करायचं ते बिंदू, ६० ते ५०० किलोमीटरची ठेवा. १५० किलोमीटरच्या खाली १ किलोमीटरची पायरी घ्या, वर ती हळूहळू मोठी केली तरी चालते. खाली पायरी जाड ठेवली की शिखर दोन बिंदूंच्या मध्ये पडतं आणि ऊर्जेचा मेळ बसत नाही.

एककांकडे मात्र डोळे उघडे ठेवा. पायएमसिस घनमीटरचे आकडे देतं, या क्षेत्रातली बहुतेक जुनी सूत्रं सेंटिमीटर आणि ग्रॅममध्ये आहेत. सगळं एकाच जागी, एकदाच बदलून घ्या. कोडभर विखुरलेले गुणक शोधत बसण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही.

पायरी २: वरून काय सोडायचं

पहिल्या फेरीत एकच ऊर्जा. ती जमली की ऊर्जेचं वितरण. सर्वात प्रचलित निवड मॅक्सवेल वितरणाची. एकूण ऊर्जा-अभिवाह ‘प’ आणि वैशिष्ट्यपूर्ण ऊर्जा ‘वै’ धरली, तर ‘ऊ’ ऊर्जेच्या कणांचा अभिवाह असा येतो:

अभिवाह(ऊ) = [प ÷ (२ × वै × वै × वै)] × ऊ × घातांकी(−ऊ ÷ वै)

इथे ‘घातांकी’ म्हणजे ई (सुमारे २.७१८) या संख्येचा कंसातला घात. या वितरणाचं शिखर ‘वै’ला असतं, पण सरासरी ऊर्जा ‘वै’च्या दुप्पट असते. हे वाक्य भिंतीवर चिकटवून ठेवण्यासारखं आहे, कारण लेखांमध्ये कुणी एक वापरतं, कुणी दुसरं, आणि कुठली ऊर्जा ते नेहमी नीट सांगतातच असं नाही.

या गोंधळाची किंमत किती, ते एका प्रसिद्ध सूत्रावर पाहू. रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या, आयन असलेल्या थराच्या) विद्युत वाहकतेसाठी दिलेलं सूत्र आजही मोठ्या मॉडेलांमध्ये वापरलं जातं. पेडरसन वाहकता = ४० × ऊ ÷ (१६ + ऊ × ऊ) × √प. पेडरसन वाहकता म्हणजे विद्युतक्षेत्राच्या दिशेने प्रवाह वाहू देण्याची क्षमता. इथे ‘ऊ’ म्हणजे सरासरी ऊर्जा, केईव्हीमध्ये, आणि ‘प’ मिलिवॅट प्रति चौरस मीटरमध्ये. सरासरी १० केईव्ही आणि ‘प’ १ असेल तर उत्तर सुमारे ३.४ सीमेन्स (वाहकतेचं एकक). चुकून वैशिष्ट्यपूर्ण ऊर्जा, म्हणजे ५, घातली तर ४.९. चाळीस टक्क्यांहून मोठी चूक, आणि आकडा दिसायला अगदी शहाणासुरता! म्हणूनच ती पकडली जात नाही.

दुसरा सापळा घन कोनाचा. उपग्रहावरची उपकरणं बहुधा दर स्टेरेडियनमागचा (घन कोनाच्या एककामागचा) अभिवाह देतात. खाली येणाऱ्या अर्ध्या गोलात कण सर्व दिशांनी सारखे पसरलेले असतील, तर त्या आकड्याला पायने (π, सुमारे ३.१४) गुणलं की उभा अभिवाह मिळतो. दोन पायने नाही. मॉडेल आणि निरीक्षणात तीनपटीच्या आसपास फरक दिसला की पहिला संशय इथे घ्या.

ऊर्जेची जाळी लॉगरिदमिक ठेवा (प्रत्येक बिंदू आधीच्याच्या ठरावीक पट), १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून निदान १०० केईव्हीपर्यंत. मग जाळीवरच्या अभिवाहाला ऊर्जेने गुणून बेरीज करा आणि ती ‘प’एवढी येते का पाहा. वितरणाची जास्त ऊर्जेकडची शेपटी कापली गेली असेल तर इथेच कळेल.

पायरी ३: ऊर्जा कुठे पडते

इथे तीन वाटा आहेत.

पहिली वाट तयार सूत्रांची. रीस यांनी १९६० च्या दशकात प्रयोगशाळेतल्या मापनांवरून घातलेला पाया फांग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सुधारला. त्यांचं सूत्र १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ते १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच्या एका ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना लागू पडतं. आधी प्रत्येक उंचीवर एक परिमाणरहित संख्या काढायची:

क्ष = (२ ÷ ऊ) × (घनता × स्केल हाइट ÷ ०.०००००६) चा ०.७ वा घात

ऊर्जा केईव्हीमध्ये, घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, स्केल हाइट सेंटिमीटरमध्ये. स्केल हाइट म्हणजे जेवढं वर गेल्यावर हवेचा दाब सुमारे २.७ पटीने घटतो तेवढं अंतर; तापमान, सरासरी रेणुभार आणि गुरुत्वाकर्षण यांवरून ते काढता येतं. मग ‘क्ष’ आणि ३२ सहगुणकांच्या एका तक्त्यावरून ऊर्जा-निक्षेपाचा (कुठल्या उंचीवर किती ऊर्जा पडते त्याचा) आकार मिळतो. त्याला ऊर्जा-अभिवाहाने गुणून ०.०३५ केईव्हीने आणि स्केल हाइटने भागलं की आयनीभवनाचा दर हाती येतो. तक्ता मूळ लेखातूनच उतरवा. एखादं उणे चिन्ह सुटलं तरी आलेख दिसायला गुळगुळीतच राहतो.

सूत्र नीट बसलंय का, हे शिखरांच्या उंचीवरून ओळखता येतं. १ केईव्हीचे इलेक्ट्रॉन साधारण १५० किलोमीटरवर, १० केईव्हीचे १०५ ते ११० वर, १०० केईव्हीचे ८० च्या आसपास ऊर्जा टाकतात. ऊर्जा दहापट वाढली तरी खोली तीस-चाळीस किलोमीटरनेच वाढते, कारण खाली हवा फार झपाट्याने दाट होत जाते. आता आयनीभवनाच्या दराला ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्टने गुणून पूर्ण स्तंभावर बेरीज करा. सुरुवातीचा १ मिलिवॅट काही टक्क्यांच्या फरकाने परत मिळाला पाहिजे. हजारपट फरक आला तर इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि केईव्ही यांची गल्लत झालीय का पाहा, लाखपट आला तर सेंटिमीटर-किलोमीटर.

दुसरी वाट म्हणजे इलेक्ट्रॉनांचं वहन प्रत्यक्ष सोडवणं. खाली जाणारा आणि वर परतणारा असे दोन प्रवाह धरायचे, प्रत्येक उंचीवर आणि प्रत्येक ऊर्जेला टकरींचा जमाखर्च मांडायचा. सॉलोमन यांचा ‘ग्लो’ हा फोरट्रानमधला मुक्त कोड हेच करतो. टकरीतून सुटलेल्या दुय्यम इलेक्ट्रॉनांची ऊर्जावार मोजदाद इथे मिळते, आणि प्रकाशाच्या अनेक रेषांना (ठरावीक तरंगलांबीच्या उजेडाला) तीच लागते. फांगच्या सूत्रात ती नाही. दिशांचं वितरण बारकाईने हवं असेल तर दोनाऐवजी अनेक प्रवाह घेणारे कोड आहेत.

तिसरी वाट माँटे कार्लोची: एकेक कण सोडायचा आणि फाशांवर त्याचा प्रवास ठरवायचा. ही संथ, पण सर्वात प्रामाणिक वाट. शेकडो केईव्हीच्या वर, जिथे इलेक्ट्रॉनांपासून निघणारे क्ष-किरण मूळ कणांपेक्षा खोल ऊर्जा नेतात, तिथे तिला फारसा पर्याय नाही.

माझं मत विचाराल तर पहिली वाट पूर्ण चालून मगच दुसरीकडे वळा. ‘ग्लो’चं उत्तर तपासायला तेव्हा तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

प्रोटॉनांचा मामला वेगळा. खाली येता येता प्रोटॉन वाटेतला इलेक्ट्रॉन उचलतो आणि हायड्रोजन अणू होतो. अणूला चुंबकीय क्षेत्र बांधून ठेवत नाही, म्हणून तो तिरका निघून जातो आणि पुढे कुठेतरी पुन्हा प्रोटॉन होतो. त्यामुळे अरुंद प्रोटॉन-झोत शेकडो किलोमीटर पसरतो. एकाच स्तंभाचं मॉडेल अशा वेळी फक्त रुंद, एकसारख्या वर्षावालाच चालतं.

पायरी ४: आयनीभवनापासून इलेक्ट्रॉन-घनतेपर्यंत

१५० किलोमीटरच्या खाली आयन फार दूर जात नाहीत, जिथे बनतात तिथेच इलेक्ट्रॉनांशी पुन्हा जुळतात. म्हणून समतोलात घनता = √(आयनीभवनाचा दर ÷ पुनर्संयोगाचा गुणक). गुणकासाठी १९८२ चं व्हिक्री आणि सहकाऱ्यांचं सूत्र कामचलाऊ आहे. त्यानुसार ११० किलोमीटरवर तो, सेंटिमीटर-सेकंदाच्या एककात, सुमारे ३ भागिले १ कोटी येतो. दर दहा हजार धरला तर घनता दर घन सेंटिमीटरला जवळपास २ लाख. रडार मध्यम ऑरोरात अशाच आकाराचे आकडे दाखवतं. समतोल यायला दहा सेकंद लागतात, तेव्हा त्याहून वेगाने लुकलुकणाऱ्या ऑरोराला वर्गमुळाचं सूत्र लावू नका, वेळेसह समीकरण सोडवा.

हे वर्गमूळ आणखी एका ठिकाणी दगा देतं. समजा, जागतिक मॉडेलच्या एका चौकटीत दहा टक्के भागावरच १० मिलिवॅटचा झगझगीत पट्टा आहे आणि उरलेला भाग काळोखात. सरासरी अभिवाह १ मिलिवॅट. त्याचं वर्गमूळ १. पण खरी सरासरी काढली तर दहा टक्के गुणिले √१०, म्हणजे ०.३२. आधी सरासरी आणि मग वर्गमूळ घेतलं की घनता आणि वाहकता तिप्पट फुगते. ऊर्जेचा हिशेब चोख असूनही उत्तर चुकतं असं हे प्रकरण आहे, आणि मोठ्या जाळीच्या मॉडेलांवर काम करणाऱ्यांनी ते सतत मनात ठेवायला हवं.

पायरी ५: प्रकाश

नवखा माणूस हिरव्या रेषेपासून सुरुवात करतो, कारण डोळ्यांना तीच दिसते. मी म्हणेन, निळ्यापासून करा. ४२७.८ नॅनोमीटरचा प्रकाश नायट्रोजन रेणूचं आयनीभवन होतानाच उद्दीपित झालेल्या आयनांकडून येतो. आयनीभवनाचा ठरावीक वाटा थेट प्रकाशात उतरतो, मध्ये रसायनाची भानगड नाही. त्यामुळे ही रेषा म्हणजे आलेल्या एकूण ऊर्जेचं जवळपास सरळ मोजमाप. रात्रीच्या ऑरोरात ती आधी जुळवा.

५५७.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा ऑक्सिजन अणूची. तो उद्दीपित व्हायचे मार्ग अनेक: इलेक्ट्रॉनांची थेट टक्कर, उद्दीपित नायट्रोजनकडून मिळालेली ऊर्जा, ऑक्सिजन आयनांचा पुनर्संयोग. प्रत्येक मार्गाचा गुणक वेगळा आणि काहींची अनिश्चितता मोठी. मॉडेल आणि कॅमेरा यांच्यात हिरव्या रेषेवर तीस-चाळीस टक्के फरक आला म्हणून हताश होऊ नका.

६३० नॅनोमीटरची लाल रेषा सगळ्यात शिकवणारी. तिच्या उद्दीपित अवस्थेचं आयुष्य सुमारे ११० सेकंद, तर हिरवीचं एका सेकंदाहून कमी. एवढ्या वेळात अणूला नायट्रोजनची धडक बसली की ऊर्जा प्रकाश न होता निघून जाते. १५० किलोमीटरवर शंभरातले एखाद-दोन अणूच प्रकाश देऊ शकतात, अडीचशेच्या वर गेलं की प्रमाण बरंच सुधारतं. म्हणून लाल रंग उंचावर असतो आणि कमी ऊर्जेच्या कणांनी उजळतो. लाल आणि निळ्या रेषांच्या गुणोत्तरावरून येणाऱ्या कणांची सरासरी ऊर्जा जमिनीवरून काढतात, ती याच कारणाने. दोन मिनिटांच्या आयुष्यामुळे इथेही समतोल धरता येत नाही. पट्टा पुढे सरकला तरी लाल उजेड मागे रेंगाळतो.

स्तंभातला सगळा प्रकाश बेरजेने रॅलेमध्ये मांडतात: १ रॅले म्हणजे दर सेकंदाला दर चौरस सेंटिमीटरला १० लाख फोटॉन. हिरव्या रेषेत १ हजार रॅले म्हणजे जेमतेम दिसणारा ऑरोरा, १ लाख म्हणजे भपकेबाज. तुमच्या १ मिलिवॅटने हिरव्यात साधारण हजार-दोन हजार रॅले दिले तर गाडी रुळावर आहे.

पायरी ६: निरीक्षणाशी गाठ

उत्तम कसोटी अशी: अमेरिकेच्या डीएमएसपी या लष्करी हवामान-उपग्रहांसारखा एखादा उपग्रह ८०० किलोमीटरच्या वरून जाताना ३० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ते ३० केईव्हीचे कण मोजतो, आणि त्याच क्षेत्ररेषेच्या पायथ्याशी उत्तर स्कँडिनेव्हियातलं आयस्कॅट रडार इलेक्ट्रॉन-घनता घेत असतं. उपग्रहाचा वर्णपट (कुठल्या ऊर्जेचे किती कण) मॉडेलला द्या, घनता रडारशी जुळवा. ८५-९० किलोमीटरच्या खाली मॉडेल कमी पडलं तर दोष बहुधा भौतिकीत नसतो. उपकरणाला ३० केईव्हीच्या वरचं दिसलेलंच नसतं.

दुसऱ्या ग्रहांवर

पद्धत तीच राहते, गृहीतकं बदलतात. गुरूवर हवा हायड्रोजन आणि हेलियमची, त्यामुळे नायट्रोजन-ऑक्सिजनसाठी बसवलेलं फांगचं सूत्र तिथे नेऊ नका. हायड्रोजनच्या टकरींच्या मापनांवर चालणारं वहन किंवा माँटे कार्लो हवं. खाली मिथेनचा थर आहे आणि तो १४० नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाश गिळतो. म्हणून १५५ ते १६२ आणि १२३ ते १३० नॅनोमीटर या दोन पट्ट्यांचं गुणोत्तर घेतात: ते जितकं मोठं, तितके कण मिथेनमध्ये खोल घुसलेले. मात्र मिथेनचा थर कुठल्या उंचीवर धरला यावर सगळं उत्तर हलतं, तेव्हा तो वरखाली करून पाहिल्याशिवाय ऊर्जेचा एकच आकडा जाहीर करू नका. वर्णपटाच्या आकाराबाबतही सावध राहा. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाने दाखवलं की तिथला तेजस्वी ऑरोरा बऱ्याचदा एका ऊर्जेला टोकदार शिखर असलेल्या झोताने नव्हे, तर फार रुंद पसरलेल्या ऊर्जांच्या कणांनी उजळतो.

मंगळावर कार्बन डायऑक्साइड आहे, आणि ग्रहभर पसरलेलं चुंबकीय क्षेत्र नाही. कवचात गोठलेल्या चुंबकत्वाचे तुकडे तेवढे आहेत. मेव्हन यानाने २०१४ च्या डिसेंबरात तिथे पसरट ऑरोरा पाहिला, ७० किलोमीटरच्या खालपर्यंत उतरलेला. म्हणजे शंभर केईव्हीच्या आसपासचे इलेक्ट्रॉन हवेच, आणि त्यांचं मॉडेल एका स्तंभात नीट जमतं. प्रोटॉन ऑरोराची तऱ्हा निराळी: सौरवाऱ्यातले प्रोटॉन मंगळाभोवतीच्या हायड्रोजनच्या विरळ आवरणात इलेक्ट्रॉन उचलतात, अणू होऊन चुंबकीय अडथळा ओलांडतात आणि दिवसाच्या बाजूला हवेत शिरतात. इथे मॉडेलची वरची सीमा ५०० किलोमीटरवर ठेवून भागत नाही, ती हायड्रोजनच्या आवरणाबाहेर न्यावी लागते.

आणि कवचातल्या चुंबकीय तुकड्यांवर दिसणारा छोटा, ठळक ऑरोरा हाताळायचा असेल, तर क्षेत्ररेषा तिथे आडव्या वळतात, काही कण हवेत पोचण्याआधीच आरशातून परतल्यासारखे मागे फिरतात. उभ्या स्तंभाचं गृहीतक तिथे टिकत नाही. क्षेत्ररेषेचा खरा आकार देऊन माँटे कार्लो चालवा, आणि वर परतलेल्या कणांची ऊर्जा वेगळ्या रकान्यात नोंदवा, नाहीतर बेरीज जुळणार नाही.